नाव कोणाचे ठेवावे?



मार्गशीर्षाच्या अखेरीस माझ्या नातवाला मुलगी झाली. नातसून पहिलटकरीण, म्हणून माहेरी होती. दहा दिवसांचे सोयर फिटले आणि अकराव्या दिवशी तिचा फोन आला. "आजोबा, पौषात बारसे नको म्हणतात सगळे, माघात करू. पण मुलीला तुमच्या आईंचे नाव ठेवायचे मनात आहे. काय होते त्यांचे नाव?" मी नाव सांगितले. ती म्हणाली, "ते सासरचे झाले. मला त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेले हवे आहे."

बेचाळीस वर्षे कीर्तने केली. देहूकर मोऱ्यांची वंशावळ, पैठणच्या नाथांची, आपेगावच्या कुलकर्ण्यांची, सगळ्या पिढ्या झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगेन. पण माझ्या जन्मदात्या आईचे पाळण्यातले नाव मला ठाऊक नव्हते. फोन कानाला धरून मी तसाच उभा राहिलो. शेवटी "विचारून सांगतो" म्हणालो. कोणाला विचारणार, तेही सुचत नव्हते.

वाडवडिलांचे नाव लेकराला ठेवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. पतंजलींच्या महाभाष्यात अगदी आरंभी, व्याकरण कशासाठी शिकावे याची प्रयोजने सांगताना, बारशाचा विषय निघतो. याज्ञिकांचे मत तिथे दिले आहे. दहावा दिवस उलटल्यावर मुलाचे नाव ठेवावे. आरंभी घोष वर्ण असावा, मध्ये य-र-ल-व यांपैकी एखादा यावा, अक्षरे दोन किंवा चार असावीत. नाव कृदन्त असावे, तद्धितान्त नसावे. आता कृदन्त कोणते आणि तद्धितान्त कोणते हे व्याकरणावाचून कळायचे कसे, असा भाष्यकारांचा प्रश्न. त्याच यादीत एक अट अशी आहे की नाव मागच्या तीन पुरुषांना अनुसरणारे असावे, आणि शत्रूकडे चालत आलेले नसावे. दोन हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आम्ही पाठशाळेत हे शिकलो तेव्हा घोष वर्णांवर गुरुजींनी दोन दिवस घेतले. 'तीन पुरुष' या शब्दांपाशी कोणी थांबले नाही. मीही नाही.

पुढे पंढरपुरातच काशिनाथशास्त्री उपाध्ये यांनी 'धर्मसिंधु' रचला, १७९० च्या सुमारास. आजही भटजींच्या पिशवीत तो असतो. त्यात मुलाला चार नावे सांगितली आहेत : देवतेवरून एक, जन्ममासावरून एक, नक्षत्रावरून एक आणि चौथे व्यवहाराचे. लोकांच्या तोंडी फक्त चौथे असते. नक्षत्राचे आपण नावरस म्हणून पत्रिकेत पाहतो. मासनाम तर बहुतेकांना माहीतच नसते. माउली, ती बारा मासनामे एकदा काढून पाहा. कृष्ण, अनंत, अच्युत यांपासून पुंडरीकाक्षापर्यंत बाराही नावे विष्णूची आहेत. म्हणजे मूल कोणत्याही महिन्यात जन्मो, घरच्यांनी काही ठरवण्याआधी त्याला हरीचे एक नाव लागलेलेच असते.

संतांच्या घरी ही रीत कशी चालली ते पाहू. देहूत विश्वंभरबाबांपासून मोजायला लागावे. विश्वंभरांचा हरि, हरीचा विठ्ठल, विठ्ठलाचा पदाजी, पदाजीचा शंकर, शंकराचा कान्होबा, कान्होबांचे बोल्होबा. बोल्होबांचे तीन मुलगे : सावजी, तुकोबा आणि कान्होबा. धाकट्याला आजोबांचे नाव जसेच्या तसे आले. तुकोबांच्या मुलांची नावे महादेव, विठोबा आणि नारायण. महादेव म्हटले की पणज्या शंकराची आठवण होते, विठोबा म्हटले की त्याच्याही मागच्या विठ्ठलाची. अक्षरे बदलली, देव तोच राहिला. नारायणबाबांचा जन्म तर तुकोबा वैकुंठाला गेल्यानंतरचा. त्याच नारायणबाबांनी पुढे १६८५ मध्ये पालखीची प्रथा घातली, हे तुम्हां वारकऱ्यांना मी सांगायला नको.

पैठणलाही असेच. भानुदासांचे चक्रपाणी, चक्रपाणींचे सूर्यनारायण, सूर्यनारायणांचे एकनाथ. भानु म्हणजे सूर्य. आजोबांचे नाव नातवाकडे अर्थाने आले, अक्षराने नाही. शब्द तोच ठेवायचा तर घरातल्या बायकांना तो उच्चारता येत नाही. अर्थ ठेवला की नावही राहते आणि हाकही मारता येते. चक्रपाणींच्या घरी असाच विचार झाला असेल असे मला वाटते. आपल्या जुन्या माणसांच्या युक्त्या अशाच असत.

आणि आळंदीची चार भावंडे? त्र्यंबकपंत, गोविंदपंत, विठ्ठलपंत अशी सरळ परंपरा असताना यांच्यात कोणाचेही नाव वाडवडिलांचे नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. कीर्तनात आम्ही यावर तासभर बोलतो. आधी निवृत्ती, मग ज्ञान, मग सोपान म्हणजे जिना, आणि शेवटी मुक्ती. ते बोलणे गोडच आहे. पण म्हातारपणी मला दुसरेच दिसायला लागले आहे. विठ्ठलपंत संन्यास सोडून गुरूच्या आज्ञेने परत संसारात आलेले. गावाने त्यांना वाळीत टाकलेले. ज्या कुळातून लोकांनी आपल्याला बाहेर काढले, त्या कुळाचे नाव पाळण्यात घालायचे कसे? तेव्हा त्यांनी पाठीमागे पाहून नाव ठेवले नाही, पुढे पाहून ठेवले. आणि एक लक्षात घ्या. त्या चौघांत मुलीचे नाव जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर आहे.

एरवी मुलींच्या नावांत पिढ्या क्वचितच दिसतात. तुकोबांच्या मुली काशी, भागीरथी, गंगा. नाथांच्या मुलीही गोदा आणि गंगा. सगळी तीर्थे आणि नद्या. नावे पवित्र आहेत, तक्रार काहीच नाही. पण मुलाच्या नावातून आजा ओळखावा तशी मुलीच्या नावातून आजी ओळखता येत नाही. नामदेवरायांच्या घरचे एक उदाहरण मला आवडते. त्यांच्या आईचे नाव गोणाई, आणि मुलगे नारा, विठा, गोंदा, महादा. गोंदा म्हणजे गोविंद हे खरेच. पण 'गोणाई' आणि 'गोंदा' ही दोन नावे लागोपाठ म्हणून पाहा, एकाच घरची वाटतात. आजीचा ध्वनी नातवाच्या नावात आला आहे, असे मी तरी मानून चालतो. विद्वानांनी रागावू नये.

राजघराण्यांतही ही रीत दिसते. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजीराजे कनकगिरीला पडले. महाराजांना १६५७ मध्ये मुलगा झाला, त्याला भावाचे नाव दिले. त्या संभाजीराजांना १६८२ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव शिवाजी. तेच पुढे शाहू महाराज म्हणून गादीवर आले. पेशव्यांच्या घरी तर नावांचा जणू झोपाळाच. बाळाजी विश्वनाथांचे बाजीराव, पाळण्यातले नाव विसाजी, म्हणजे आजोबांचे विश्वनाथच. बाळाजी विश्वनाथ १७२० च्या एप्रिलमध्ये वारले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात बाजीरावांना मुलगा झाला. आजोबा जाऊन आठ महिने झाले होते. नाव ठेवले बाळाजी. पण या बाळाजींना कोणी बाळाजी म्हणून ओळखत नाही, सगळे नानासाहेब म्हणतात. का, याचा विचार करा. घरात आजी राधाबाई होत्या, १७५३ पर्यंत होत्या. नवऱ्याचे नाव त्यांच्या तोंडून कसे निघावे? नाव नातवाच्या पाळण्यावर बांधले ते ज्यांच्या स्मरणासाठी, त्यांच्याच बायकोला ते उच्चारायची सोय नव्हती.

आता मी मुद्द्याशी आलो. वडिलांचे नाव घ्यायचे नाही, सासऱ्याचे घ्यायचे नाही, नवऱ्याचे तर उखाण्यातच घ्यायचे. एका जुन्या सुभाषितात तर स्वतःचे, गुरूचे, कद्रू माणसाचे, थोरल्या अपत्याचे आणि बायकोचे नावही कल्याण इच्छिणाऱ्याने घेऊ नये असे सांगितले आहे. म्हणून आपल्या गावांत दोन वर्षांच्या पोराला लोक आबा, अप्पा, तात्या, बापू म्हणतात. परक्याला हसू येते. आपल्याला कळते, की हे पोर आजोबांचे नाव घेऊन आले आहे आणि घरच्या सुना त्याला नावाने हाक मारू शकत नाहीत. एका परीने तो मानच. एका परीने ते नाव कुलपात घालून ठेवणेही आहे.

माझ्या आजोबांचे नाव पंढरीच्या देवाचेच होते. याहून स्पष्ट मी लिहीत नाही, सवयीला हात धजत नाही. आई त्या घरात सून म्हणून आली तेव्हा चौदा वर्षांची होती. घरात माळ, एकादशी, रोजचा हरिपाठ. दिवेलागणीला सगळे बसत. जिथे जिथे ते नाव येई तिथे आईचा आवाज थांबे आणि पुढच्या शब्दाला परत सुरू होई. गजर चालला असताना टाळ वाजवी, ओठ मिटलेले. तिच्यापुरता देव पांडुरंग होता, किंवा नुसता 'देव'. मी लहानपणापासून हे पाहत होतो, म्हणून त्यात काही वावगे आहे असे कधी वाटलेच नाही.

मला मुलगा झाला तेव्हा वडील हयात होते, त्यामुळे त्यांचे नाव ठेवायचा प्रश्न नव्हता. त्यांनी सांगितले, "माझ्या बापाचे नाव ठेवा." ठेवले. मीच हौसेने पेढे वाटले. मुलाला घरात बापू म्हणू लागले. आई बापू म्हणे, माझी बायकोही बापूच म्हणे.

पुढे एका चैत्री सप्ताहात गावातच माझे कीर्तन होते. आख्यान अजामेळाचे. भागवताच्या सहाव्या स्कंधातली ही कथा तुम्ही शंभर वेळा ऐकली असेल. कान्यकुब्जचा पतित ब्राह्मण, त्याला दहा मुलगे, धाकट्याचे नाव नारायण. मरताना यमदूत दिसले, भयाने त्याने पोराला हाक मारली, आणि विष्णुदूत धावून आले. हाक पोराला होती, पण नाव देवाचे होते. भागवत तर म्हणते की थट्टेने, सहज, दुसऱ्याच कशाच्या निमित्ताने घेतलेले नामही वाया जात नाही. मी रंगात येऊन सांगितले, म्हणून बाबांनो, लेकरांना देवाची नावे ठेवा. दिवसातून पन्नास वेळा हाक माराल, पन्नास वेळा नामस्मरण घडेल. लोकांनी माना डोलावल्या. आई बायकांत पुढेच बसली होती.

रात्री घरी दूध देताना ती म्हणाली, "तो बाबा पोराला हाक मारून तरला. मी कोणाला हाक मारू रे?"

मी हसलो. म्हणालो, "आई, देवाला सगळी नावे सारखीच." तिने भांडे उचलले आणि आत गेली. व्यासपीठावरून दोन तास बोलणाऱ्याला घरातल्या एका वाक्याचे उत्तर देता आले नाही, आणि उत्तर आले नाही हेही त्या रात्री कळले नाही. त्या वेळी जे सुचायला हवे होते ते मला दहा वर्षांनी सुचले. नाव आधी देवाचे, मग आजोबांचे. आजोबांनी ते उसने घेतले होते, मूळ धनी पंढरीला उभा आहे. त्याच्या नावाला सुनेचा विटाळ कसला? मी घाईघाईने आईला हे सांगायला गेलो. तिने शांतपणे ऐकून घेतले. म्हणाली, "तुझं खरं असेल. पण आता तोंडाला वळण नाही."

तिच्या शेवटच्या वारीला मी तिला धरून गाभाऱ्यात नेले. पायांवर डोके ठेवले तेव्हा तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते मी विचारले नाही.

तर अशा बाईचे माहेरचे नाव मला शोधायचे होते. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरी जायचे होतेच. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात हे तुम्हाला माहीत आहे. गाव सांगा, कूळ सांगा, तुमच्या खापरपणज्याने कधी येऊन पिंडदान केले ते काढून दाखवतात. आमच्या घराचे पान निघाले. आजोबा होते, वडील होते, काका होते, माझीही सही होती. आईही होती, सासरच्या नावाने, वडिलांच्या नावाशेजारी. मग मी तिच्या माहेरचे पान काढायला सांगितले. तिथे तिचे भाऊ नावानिशी होते. बहिणींच्या जागी नुसते 'कन्या दोन' असे लिहिलेले. वही लिहिणाऱ्याचा दोष नाही. यजमानाने जेवढे सांगितले तेवढेच त्याने लिहिले.

लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने सुनेचे नवे नाव लिहितात. मीही लिहिले होते. त्या दिवशी त्र्यंबकला पहिल्यांदा मनात आले, की हे नाव लिहिताना जुने कुठे जाते? तांदूळ परत डब्यात जातात.

आईचा धाकटा भाऊ अजून आहे, नव्वदीला टेकलेला. परतताना वाट वाकडी करून त्याच्याकडे गेलो. ऐकू कमी येते. कानाशी तोंड नेऊन विचारले. तो म्हणाला, "ती मला अक्का. मी कशाला नाव घेऊ तिचं?" मला वाटले, हाही दरवाजा बंद झाला. थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आमचे दादा बांधावरून हाक मारायचे." आणि त्याने ती हाक मारून दाखवली, जशी वडील मारीत तशी, शेवटचा स्वर लांबवून. पंढरीत देवाआधी आपण जिच्यात स्नान करतो, तिचेच नाव. सासरी थोरल्या जावेचे तेच नाव होते, एका घरात दोन नकोत म्हणून धाकटीचे बदलले, एवढेच कारण.

मला एकदम आठवले. पंढरीत पोहोचलो की इतर बायका आधी कळसाकडे पाहून हात जोडीत. आई आधी वाळवंटात उतरे आणि पाण्याला हात लावून तो हात डोळ्यांना लावी. मी समजत होतो, उन्हाने डोळे जळजळत असतील.

घरी येऊन नातसुनेला नाव सांगितले. तिच्या सासूला, म्हणजे माझ्या सुनेला, जरा संकोच वाटला. "आजेसासूबाईंचे नाव, आपण रोज तोंडाने कसे घ्यायचे? घरात दुसरे काही म्हणू." नातसून म्हणाली, "घ्यायलाच तर ठेवतोय, आई." मी मध्ये पडलो नाही. शास्त्र विचारले असते तर सांगितले असते, कोणी विचारले नाही. सरकारनेही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहायचे ठरवले आहे. त्यामुळे जन्मदाखल्यावर मुलीच्या नावापुढे नातसुनेचेही नाव आले. तिचे स्वतःचे मात्र लग्नात बदलले नव्हते, हे मला तेव्हा लक्षात आले.

माघ शुद्धात बारसे झाले. बायकांनी नेहमीप्रमाणे गोविंदाचे, गोपाळाचे नाव घेत बाळाला पाळण्याच्या वरून-खालून दिले घेतले, आत्याने कानात नाव सांगितले, आत्याच्या पाठीवर बुक्के बसले, घुगऱ्या वाटल्या. संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर मी ओसरीवर माळ घेऊन बसलो होतो. आतून नातसुनेचा आवाज आला. मांडीवरच्या लेकीला ती नावाने हाक मारीत होती, पूर्ण नाव, मोठ्याने, तीनदा. माझा हात मण्यावर थांबला. आपल्या घरात ते नाव कोणी मोठ्याने घेतल्याचे मी जन्मात ऐकले नव्हते.

बापू आता पन्नाशीचा आहे. रेशनकार्डाखेरीज त्याचे नाव कुठे येत नाही. त्या वेळी तो गोठ्यात धार काढायला गेला होता. मी ओसरीच्या कडेला आलो आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारली. काही उत्तर आले नाही. दुसऱ्यांदा मारली, मामाने मारली तशी, स्वर लांबवून. तेव्हा तो चरवी हातात घेऊन दारात आला आणि इकडे तिकडे पाहू लागला, की आबा कोणाला बोलावताहेत.